दुपारी तीनची नोंद

१

आमच्या केंद्राला इतिहास असा काही नव्हताच. चितेगावच्या पुढं, बिडकीनच्या अलीकडं, पैठण रस्त्यापासून थोडं आत एका माळावर तीन खोल्या, एक टॉवर, एक मोठी डिश आणि शंभर वॅटचा ट्रान्समीटर. नाव मात्र भारदस्त: लघुशक्ती दूरचित्रवाणी प्रक्षेपण केंद्र. आम्ही स्वतः काहीच तयार करत नव्हतो. वरून जे येईल ते डिशमध्ये झेलायचं आणि आजूबाजूच्या पंधरा-वीस गावांना वाटायचं, एवढंच काम. गावकरी तरीही सगळ्याला आम्हालाच जबाबदार धरायचे. टीव्हीवर सांगितलेला पाऊस पडला नाही म्हणून एका म्हाताऱ्यानं मला भर रस्त्यात झापलं होतं.

केंद्र बंद होऊन चार वर्षं झाली. यंदा निवृत्त कर्मचाऱ्यांच्या मेळाव्यासाठी स्मरणिका काढायचं ठरलं आणि केंद्राचा इतिहास लिहायचं काम सर्वांनी माझ्या गळ्यात मारलं. "गोकुळराव, तुम्हीच सगळ्यात जुने." मी संभाजीनगरला, उस्मानपुऱ्यात राहतो. निवृत्तीनंतर दिवसभर बायकोच्या पायात पायात येतो. सुलेखा म्हणाली, "लिहा ओ, तेवढंच माझं स्वयंपाकघर मोकळं राहील."

शेवटच्या दिवशी ड्यूटीवर असलेला अतुल माझ्याहून बराच लहान. भंगारात निघालेली लॉगबुकं त्यानं दोन पोत्यांत भरून घरी ठेवली होती. ती तो स्कूटरवर घालून घेऊन आला. दर तासाला मीटरचे आकडे लिहायचे आणि शेवटच्या रकान्यात शेरा, असं ते लॉगबुक. 'चित्र स्पष्ट' हा आमचा नेहमीचा शेरा. दुपारी दोनला प्रक्षेपण बंद व्हायचं, पाचला पुन्हा सुरू. मधले तीन तास डबा खाऊन लवंडायचे. त्या तासांपुढं आम्ही एक आडवी रेघ मारत असू.

एक आमची देशी सोयही होती. वरचं चित्र गेलं की पडद्यावर नुसत्या मुंग्या नकोत म्हणून कोपऱ्यात एक जुना कॅमेरा लावला होता. त्याच्यासमोर लोखंडी स्टूल, आणि स्टुलावर अतुलनं रंगवलेली पाटी: 'व्यत्ययाबद्दल क्षमस्व'. याला आम्ही 'स्लाइड' म्हणायचो. वरच्या साहेबांना याची खबर नव्हती. गावांना मात्र ते स्टूल चांगलं ओळखीचं होतं.

२

पहिले दोन दिवस मजेत गेले. कुठल्या साली डिशमध्ये घार बसली, कुठल्या साली माकडानं केबल तोडली, असल्या नोंदी मी सुलेखाला वाचून दाखवत होतो. तिसऱ्या दिवशी मी १९९७ चं लॉगबुक उघडलं आणि १२ ऑगस्टच्या पानावर थांबलो.

दोन ते पाचच्या आडव्या रेघेवर, तीनच्या रकान्यात, माझ्या अक्षरात लिहिलं होतं: 'स्लाइड. २ मिनिटे. चित्र स्पष्ट.'

ही नोंद मला आठवत होती. ती खोटी होती. का लिहिली ते पुढं सांगतो. पण ती एकच होती, याची मला खात्री होती.

मी पान उलटलं. १३ ऑगस्टला तीनच्या रकान्यात तीच नोंद होती. १४ ला होती. १५ ऑगस्टला मी रजेवर होतो, तिथं अतुलच्या अक्षरात होती. मी पुढचं लॉगबुक काढलं, मग त्याच्या पुढचं. रोज, न चुकता, तीन वाजता. बदलून आलेले, बदलून गेलेले, मधेच वारलेले, सगळ्यांच्या अक्षरांत.

मी स्वतःची समजूत घातली. सरकारी कामात वरची ओळ बघून खाली उतरवायची सवय असते. कुणी एकदा काहीतरी लिहितं आणि मग पुढची वीस वर्षं कुणी विचारत नाही. माझं खोटं असंच उतरत गेलं असेल. हे पटण्यासारखं होतं आणि मला ते पटलंही. मी चहा मागितला.

चहा येईपर्यंत माझं लक्ष शेऱ्यांकडं गेलं. २००१ पर्यंत 'चित्र स्पष्ट' एवढंच होतं. मग 'चित्र स्पष्ट. उभी आहे.' २००६ च्या उन्हाळ्यात 'बसली आहे.' २०१४ ला कुणीतरी लिहिलं होतं, 'आज पदर घेतला आहे.'

वरची ओळ उतरवणारा माणूस असले फरक करत नाही.

मी अतुलला फोन लावला. तो हसायलाच लागला. "अहो, तीनला मी घोरत असायचो. तुम्हीच तर लाथ मारून उठवायचे."

"तुझ्या अक्षरात आहे."

"मग तुम्ही माझं अक्षर काढलं असंल."

संध्याकाळी तो स्वतः आला. पानं चाळता चाळता त्याचं हसू गेलं. एका पानावर त्यानं बोट ठेवलं. "अक्षर माझंच हे, गोकुळराव," तो म्हणाला. "पण मी हे लिहिलं नाय."

त्यानं स्वतः शेवटचं पान काढलं. केंद्र बंद झालं त्या दिवशी सकाळी अकराला त्यानं ट्रान्समीटर कायमचा बंद केला होता आणि खाली सही, तारीख टाकली होती. सहीच्या खाली तीनची नोंद होती. 'चित्र स्पष्ट.'

"हे स्मरणिकेत घेऊ नका," अतुल म्हणाला आणि हेल्मेट घालून उठला.

३

आता १९९७ चं सांगायला हवं. बायकोलाही मी हे कधी सांगितलं नव्हतं.

त्या वर्षी जुलैत केंद्राजवळच्या वस्तीवरची चंपाबाई माझ्याकडं आली. तिची मुलगी दीपमाला, वय पंधरा, बिडकीनच्या बाजाराला गेली ती परत आली नव्हती. तक्रार झाली होती, शोधाशोध झाली होती. चंपाबाईच्या हातात एक फोटो होता, जत्रेतल्या स्टुडिओत काढलेला. दोन वेण्या, हात प्लॅस्टिकच्या फुलदाणीवर, फोटोवाल्यानं हस म्हटलं असावं म्हणून हसलेली.

"साहेब, तुमच्या त्या स्टुलावर एवढा फोटो ठिवा. पाटी ठिवता तसा. कुणीतरी वळखंल."

मागणी काही वावगी नव्हती. दोन मिनिटांचं काम. पण त्याच महिन्यात वरून तपासणी होणार होती आणि आमचा तो कॅमेरा नियमात बसत नव्हता. पाटीचं एक वेळ खपलं असतं. हरवलेल्या मुलीचा फोटो परवानगीवाचून दाखवला असता तर माझी नोकरी गेली असती असं मला वाटलं. गेली नसती. फार तर मेमो आला असता. हे मला तेव्हाही कळत होतं.

मी फोटो ठेवून घेतला आणि म्हणालो, दाखवतो. तो टेबलाच्या खणात ठेवला. तपासणी झाली की दाखवू, असं मनात होतं. तपासणी झाली आणि राहून गेलं.

ऑगस्टात ती पुन्हा आली, बरोबर शिकलेला दीर घेऊन. "दाखवला का?"

मी म्हणालो, व्हय, दाखवतो की रोज. दीर म्हणाला, आमच्या शेजारी टीव्ही हाय, आम्हाला कसा नाय दिसला? आणि मग आमच्या धंद्यातली जी गोष्ट मला माहीत होती आणि त्यांना नव्हती, तिचा मी उपयोग केला. म्हणालो, दुपारी तीनला दाखवतो. तेव्हा बाकी कार्यक्रम नसतात, मोकळी जागा असते. तीनला सगळी वस्ती रानात असते हे मला ठाऊक होतं. दिराला खात्री पटावी म्हणून लॉगबुकात तीनच्या रकान्यात नोंद केली आणि ती त्याला दाखवली. सरकारी वहीत शाईनं लिहिलेलं. त्यानं हात जोडले.

त्यानंतर चंपाबाईनं दोन शेळ्या विकून ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही घेतला आणि दुपारचं रान सोडलं, असं कुणीतरी मला सांगितलं होतं. मी ते ऐकलं आणि ऐकलं नाही असं केलं. दोन मिनिटांचं काम होतं. आजही मला तेच टोचतं. अवघड काही नव्हतंच त्यात.

४

फोटो परत करावा, असं मी ठरवलं. तिच्याकडं मुलीचा तो एकच फोटो असणार. एवढी वर्षं तो माझ्या खणात पडून होता आणि निवृत्तीच्या दिवशी मी खण न उघडताच किल्ली देऊन आलो होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकटाच केंद्रावर गेलो. अतुलनं काहीतरी काम काढलं. रस्ता ओळखू येत नव्हता. माळाच्या दोन्ही बाजूंनी चौपदरी डांबर, दुभाजकात झाडं, कंपन्यांच्या पाट्या. मधे आमच्या तीन खोल्या तशाच उभ्या. टॉवर कापून नेला होता, त्याचे चार पाय तेवढे सिमेंटात राहिले होते. दाराला कुलूप होतं, पण कडीच गंजून निघाली होती.

आत काही नव्हतं. ट्रान्समीटर, डिश, कॅमेरा, टेबल, सगळं लिलावात गेलेलं. टेबलाबरोबर खण गेला आणि खणाबरोबर फोटो. मी रिकाम्या खोलीत उभा राहिलो आणि मला रडू येईल असं वाटलं. भिंतीवर स्विचबोर्डाच्या वर माझ्याच हातचं 'हात लावू नये' अजून होतं. जमिनीवर बोटभर धूळ होती.

कोपऱ्यात मात्र, जिथं आमचं स्टूल असायचं, तिथं धुळीत चार लहान गोल स्वच्छ होते. स्टुलाच्या पायांएवढे. त्यांच्यापुढं दोन पावलांएवढी जागाही स्वच्छ होती.

बाकी सामानाबरोबर स्टूलही लिलावात गेलेलं होतं. मी विचार केला, कुणी गुराखी येऊन बसत असेल, स्वतःचं काही घेऊन. गुराखी बसायला स्टूल घेऊन हिंडत नाहीत, हे मला कळत होतं. खोलीत बारीक घूं घूं आवाज येत होता, आमचा ट्रान्समीटर चालू असताना यायचा तसला. रस्त्यावरच्या नव्या डीपीचा असेल. मी बाहेर येऊन ऐकलं. बाहेर येत नव्हता.

मी घड्याळ बघितलं. अडीच वाजले होते. चंपाबाईची वस्ती पायी दहा मिनिटांवर होती.

५

वस्तीवर एकच घर उरलं होतं. बाकीचे जमिनी देऊन शहरात गेले होते. पत्र्याच्या दोन खोल्या, वर बांबूला बांधलेला जुना अँटेना, आमच्या केंद्राकडं तोंड करून. चंपाबाई उंबऱ्यात बसली होती. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, पण ताठ. तिनं मला लगेच ओळखलं.

"टीव्हीवाले साहेब. या, बसा. बरोब्बर येळंला आले."

मी आत बसलो. समोर फळीवर तो टीव्ही होता, त्यावर क्रोशाचा रुमाल. पडद्यावर मुंग्या आणि खरखर. तिनं चुलीवर चहाचं आधण ठेवलं.

"एकट्याच राहता?" मी विचारलं.

"भाऊ बोलावतो ना संभाजीनगरला. लई बोलावतो. पक्कं घर हाय त्याचं." तिनं चहाची पूड टाकली. "पण शहरात हे केंद्र लागत नाय ना, साहेब. चितेगावच्या पल्याड गेलं की गेलं."

माझ्या एका थापेनं या बाईला इथं बांधून ठेवलं होतं. आता सांगून टाकू, मी ठरवलं. केंद्रच बंद आहे, टॉवर नाही, हे तिला कुणीतरी सांगायला हवं होतं आणि ते माझंच काम होतं.

खरखर थांबली.

पडद्यावर आधी नुसता करडा रंग होता. मग भिंत दिसली. स्विचबोर्ड दिसला, त्याच्या वर अक्षरं होती, वाचता येत नव्हती, पण ती काय आहेत हे मला माहीत होतं. मग स्टूल. स्टुलावर एक बाई बसली होती, कॅमेऱ्याकडं एक बाजू करून, डोक्यावर पदर, हात मांडीवर. चाळिशीची असावी. चेहरा पदराआड होता, केसांची एक पांढुरकी बट तेवढी बाहेर आली होती. दवाखान्यात नंबराची वाट बघत बसतात तशी ती बसली होती.

कुठलीतरी मालिका असेल, मी मनाशी म्हणालो. कुठल्यातरी दुसऱ्या केंद्राचं भटकं चित्र. असं होतं कधी कधी, मी तीस वर्षं हेच काम केलंय. एकीकडं हे म्हणत होतो आणि दुसरीकडं स्विचबोर्डावरची ती अक्षरं पुन्हा पुन्हा वाचायला बघत होतो.

"केस पिकायला लागले तिचे," चंपाबाई म्हणाली. "माझे एवढ्या लवकर नव्हते पिकले." मग जरा मोठ्यानं, पडद्याकडं बघत, "पण वळखतील. पंधरा-वीस गावं बघत्यात. व्हय ना साहेब? तुम्हीच म्हणले व्हते."

चंपाबाई आता माझ्याकडं बघत होती. मी 'व्हय' म्हणावं म्हणून थांबली होती. तेवढाच एक शब्द म्हणायचा होता.

"चंपाबाई, मला तुम्हाला एक सांगायचंय."

"आधी चहा घ्या."

"नाही, आधी ऐका. मी तो फोटो..."

तिनं हात वर केला. मला वाटलं, माफी नको म्हणते, मोठ्या मनाची बाई आहे. "साहेब, ऱ्हाऊ द्या," ती हळू आवाजात म्हणाली. "आत्ता नगा बोलू." मला अजूनच भरून आलं. सत्तावीस वर्षं मनात ठेवलेलं एकदा तोंडाशी आलं की माणसाला थांबवत नाही. मी स्वतःसाठी बोलत होतो, हे मला आज कळतं.

"मी फोटो दाखवलाच नाही," मी म्हणालो. "नोकरीला भ्यालो. तीन वाजता आमचं केंद्र बंद असायचं, म्हणून तीनची वेळ सांगितली. वहीत खोटं लिहिलं. कुणीही बघितलेलं नाही. इतक्या वर्षांत ती कुणालाही दिसलेली नाही, चंपाबाई. एकदाही नाही."

बोलता बोलता माझी नजर पडद्यावर होती. पदराखालचं डोकं थोडं कललं होतं, पलीकडच्या खोलीत कुणी बोलत असलं की आपण कान देतो तसं. माझं शेवटचं वाक्य संपलं तेव्हा ती सावकाश आमच्याकडं वळायला लागली. गालाची कड दिसली. एक डोळा दिसला. मी मान खाली घातली.

टीव्हीतून लोखंड फरशीवर सरकल्याचा आवाज आला. मग दार उघडल्याचा. आमचं ते दार खालच्या बाजूला अडकायचं, ते कसं वाजतं हे मी विसरणं शक्य नव्हतं.

मी वर बघितलं तेव्हा स्टूल रिकामं होतं.

चंपाबाई हातात पळी घेऊन उभी होती. चहा उतू जाऊन चुलीत पडत होता, तिकडं तिचं लक्ष नव्हतं.

"मला ठाऊक व्हतं, साहेब," ती म्हणाली. "शेजारची पोरं पयल्याच वर्षी सांगून गेली. तीनला काय नसतं, कुणालाच काय दिसत नाय म्हणून."

"मग इतकी वर्षं..."

"तिला ठाऊक नव्हतं ना." तिनं रिकाम्या स्टुलाकडं बघितलं. "कुणीतरी वळखंल, घ्यायला यील, तेवढ्यावर बसून व्हती ती."